‘सॉरी?’ पुन्हा पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही महिन्यांत नोकरीसाठी परदेशी जायचंय, वाचन-लेखन उत्तम, व्याकरण पक्कं, पण फोनवरच्या मुलाखतीत समोरचा दर दोन वाक्यांनी ‘सॉरी?’ म्हणतो. मग ॲक्सेंटचा महागडा क्लास लावावा, की घरीच काही करता येईल? आणि इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले तर हा प्रश्न सुटेल का? सगळ्याचं एकत्रच लिहितेय, जरा लांबेल.

क्लास लावू नका. जाहिरातीत ‘अमेरिकन ॲक्सेंट’ किंवा ‘ब्रिटिश ॲक्सेंट’ असं ठळक छापलेलं असेल, तर मुळीच नको. इकडे ऑफिसात पोलिश, ब्राझिलियन, नायजेरियन, व्हिएतनामी अशी सगळी माणसं आहेत. प्रत्येकाच्या इंग्रजीला आपापल्या भाषेचा वास आहे आणि कुणाचं त्यामुळे अडत नाही. उलट आपल्यातले काहीजण ‘र’ गोल गोल फिरवून बोलायला जातात, त्यांचंच कळायला जास्त जड जातं. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली हे नीट तपासलं होतं. ऐकणाऱ्यांनी ज्यांच्या बोलण्याला ‘खूपच परकी धाटणी’ असा शेरा दिला, त्यांतल्या अनेकांचं बोलणं त्याच ऐकणाऱ्यांनी शब्द न् शब्द बरोबर लिहून काढलं. थोडक्यात, धाटणी परकी वाटणं वेगळं आणि बोलणं न कळणं वेगळं. तुम्हाला दुसऱ्या गोष्टीचा, न कळण्याचा, बंदोबस्त करायचाय.

मग न कळण्याचं कारण काय? माझ्या मते पहिला नंबर शब्दातल्या जोराचा. मराठीत शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो आणि जोर इकडेतिकडे झाला तरी अर्थाचं काही बिघडत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र बऱ्याच अंशी जोरावरून शब्द ओळखतो. एक अक्षर लांब, ठसठशीत, थोडं वरच्या पट्टीत, बाकीची पुसट. जोर भलत्या जागी पडला की सगळे उच्चार ठीक असूनही तो मनात दुसराच शब्द शोधत बसतो आणि तोवर तुमचं पुढचं अर्धं वाक्य निघून गेलेलं असतं.

‘फोटोग्राफ’ घ्या. जोर पहिल्या ‘फो’वर. ‘फोटोग्राफी’ म्हटलं की तो ‘टॉ’वर सरकतो आणि पहिला ‘फो’ चक्क ‘फ’ होतो: फ-टॉ-ग्र-फी. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो ‘ग्रॅ’वर जातो. ऑफिसातले शब्दही असेच फसवे. ‘ॲनलाइझ’ला जोर पहिल्यावर, ‘अनॅलिसिस’ला दुसऱ्यावर, ‘ॲनलिटिकल’ला तिसऱ्यावर. ‘डेव्हलप’ आपण पहिल्या अक्षरावर दाबून म्हणतो, ते खरं ‘डि-व्हे-लप’ असं दुसऱ्यावर आहे. ‘होटेल’ आणि ‘इव्हेंट’चंही तेच. ‘कम्फर्टेबल’मध्ये टेबल कुठेच नाही, ते ‘कम्फ्टबल’च्या जवळ जातं. शिवाय ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘प्रोजेक्ट’ असे शब्द नाम असले की जोर पहिल्यावर आणि क्रियापद असले की दुसऱ्यावर.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एक नियम पुष्कळ कामाला येतो: शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो. इन्फर्मेशनमध्ये ‘मे’वर, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रि’वर. बाकीच्यासाठी ऑनलाइन शब्दकोश. उच्चाराच्या खुणांमध्ये एक छोटी उभी रेघ दिसेल, तिच्या पुढच्या अक्षरावर जोर. आणि उलटा छापलेला इंग्रजी ‘ई’ दिसला की तिथे तोंड सैल सोडून पुसटसा ‘अ’ म्हणायचा. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच, आणि आपण नेमका तोच खाडखाड उच्चारतो. देवनागरीत लिहायचं म्हटलं की प्रत्येक जागी कुठलातरी स्वर नेमून द्यावा लागतो. ‘प्रॉब्लेम’ असं डोळ्यांना सवयीचं झालं, की तोंडातूनही ‘ब्लेम’ येतं. म्हणायचं असतं ‘प्रॉब्लम’.

तुमच्या कामात रोज लागणारे पन्नासेक शब्द एका वहीत काढा, हुद्दा आणि तंत्राच्या नावांसकट, आणि प्रत्येकाचा जोर शब्दकोशात बघून अधोरेखित करा. मुलाखतीत हेच शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत.

याच्या लगोलग वाक्यातला जोर. इथे एक जागा अशी आहे की अर्थाचा थेट अनर्थ होतो. ‘आय कॅन डू इट’ म्हणताना आपण ‘कॅन’ पूर्ण आणि दणक्यात म्हणतो. ऐकणाऱ्याला, विशेषतः अमेरिकन माणसाला, ते ‘कॅन्ट’ वाटू शकतं. त्याच्या तोंडी होकारातलं ‘कॅन’ अगदी दबकं असतं, ‘आय क्न डू इट’, जोर ‘डू’वर. नकारातलं मात्र पूर्ण आणि ठाम, आणि शेवटचा ‘ट’ तो बहुतेक वेळा गिळतो. तुम्ही ‘हो, जमेल’ म्हणालात आणि त्याने ‘नाही जमणार’ ऐकलं, असं खरोखर होतं. तेव्हा होकारात ‘कॅन’ पुसट ठेवा, आणि नकार असेल तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.

मराठीत ठासून सांगायला आपल्याकडे ‘च’ आहे, ‘तर’ आहे, ‘सुद्धा’ आहे. ‘मीच पाठवली’ आणि ‘मी पाठवलीच’ यात आवाज न चढवताही फरक कळतो. इंग्रजीत ते काम आवाजावर सोपवलेलं आहे. ‘आय सेंट इट ऑन मंडे’ यात ‘आय’ उचललात तर ‘मीच’, ‘मंडे’ उचललात तर ‘सोमवारीच’. आपण हा जोर देत नाही, सगळे शब्द एका रांगेत चालवतो, आणि मग ‘च’ची भरपाई म्हणून शेवटी ‘ओन्ली’ चिकटवतो. आपसात ते चालतं, पण परक्याला ते ‘फक्त’ असं ऐकू येतं. प्रत्येक वाक्यात नवी माहिती देणारा एकच शब्द निवडा आणि त्याला उचला. एवढ्याने बोलण्यात मोठा फरक पडतो.

वेगाबद्दल सगळे ‘हळू बोल’ म्हणतात. हा सल्ला मला अर्धवट वाटतो. सगळे शब्द ताणून हळू बोललात तर ऐकणारा कंटाळतो. वेग राहू द्या, थांबे वाढवा. उदाहरणार्थ: ‘माय लास्ट प्रोजेक्ट / वॉज अ पेमेंट सिस्टिम / फॉर अ हॉस्पिटल / अँड आय लेड द टेस्टिंग.’ प्रत्येक तिरक्या रेघेपाशी एक श्वास, आणि प्रत्येक तुकड्यात एक शब्द ठळक: प्रोजेक्ट, पेमेंट, हॉस्पिटल, टेस्टिंग. हे चार शब्द जरी नीट पोचले, तरी बाकीचं ऐकणारा जुळवून घेतो. स्वतःची ओळख, सध्याचं काम, नोकरी का बदलताय, एवढी तीन उत्तरं अशा रेघा मारून तयार ठेवा. पाठ करू नका, नाहीतर शाळेतल्या भाषणासारखी वाटतील.

आता सुटे उच्चार. यांतले थोडेच खरे महत्त्वाचे आहेत.

शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ इंग्रजीत हवेच्या झोतासकट येतात. आपले कोरडे असतात, त्यामुळे ‘पार्क’चं ‘बार्क’ आणि ‘कोट’चं ‘गोट’ ऐकू जाऊ शकतं. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे. आपल्याला हे अवघड नाही, कारण ख आणि ठ आपल्याकडे आहेतच: ‘कॅट’ म्हणताना थोडं ‘खॅट’कडे झुका. ‘प’ला मात्र दोन्ही ओठ मिटून हवा सोडायची, दात-ओठांचा ‘फ’ करायचा नाही. आणि आधी ‘स’ असेल, जसं ‘स्पिन’, ‘स्टॉप’, ‘स्काय’, तर झोत नको, तिथे आपला साधा उच्चारच बरोबर.

मग ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो. ‘व्हिसा’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवून गुणगुण, ‘वर्क’ला दात ओठापासून दूर आणि ओठ शिट्टी मारताना करतो तसे गोल. आरशात बघितलं की दोन दिवसांत कळतं, सवय लागायला वेळ जातो.

ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही. त्यामुळे ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’, ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांची गल्लत होते. नुसती लांबी पुरत नाही, ऱ्हस्वाला तोंड सैल असतं. अजून एक, जे शाळेत कुणी सांगत नाही: ‘बॅक’ आणि ‘बॅग’, ‘सीट’ आणि ‘सीड’, ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’ यांतला फरक ऐकणारा बराचसा स्वराच्या लांबीवरून ओळखतो. शेवटी ग, ड, झ असेल तर आधीचा स्वर लांबवा.

भूतकाळाचा ‘एड’ बहुतेक वेळा नुसता ‘ट’ किंवा ‘ड’ असतो: ‘वर्क्ट’, ‘कॉल्ड’. ‘वर्केड’ नाही. पण तो गाळूही नका, नाहीतर काम झालंय की चालू आहे ते कळत नाही.

‘थिंक’मधला ‘थ’ आणि आपले टणक ‘ट’-‘ड’ यांच्या नादी लागू नका. क्लासवाले सुरुवात इथूनच करतात, कारण दाखवायला सोपं. जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या भाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलताना कुठे अडखळतात ते अभ्यासलं. २००० साली मांडलेल्या त्यांच्या यादीत स्वरांची लांबी, सुरुवातीचा हवेचा झोत आणि वाक्यातला मुख्य जोर आवश्यक ठरले, ‘थ’ बाहेर राहिला. शब्दातला जोरही त्यांनी बाहेर ठेवलाय, ते मात्र मला पटत नाही. परके आपसात बोलताना कदाचित चालून जात असेल, पण तुमची मुलाखत घेणारा जन्मापासून इंग्रजी बोलणारा असेल तर तो जोरावरच अडतो.

सराव कसा करायचा? ज्याचं बोलणं तुम्हाला आवडतं अशा माणसाची रेकॉर्ड केलेली मुलाखत निवडा, बातम्या नकोत. एक-दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐका, मग त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्यावरच, बोला. शब्द चुकले तरी चालतील, चाल आणि थांबे पकडा. मग तोच तुकडा एकट्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि सगळं स्पष्टच वाटतं.

ज्यांचं ऐकता ते आवाज बदलत राहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ ओळखायला शिकवण्याचे प्रयोग झाले. अनेकांच्या आवाजांत शिकलेल्यांना नव्या माणसाच्या तोंडचेही शब्द ओळखता आले. एकाच आवाजावर शिकलेले तिथे अडखळले. तुम्हीही एकाच शिक्षकाच्या व्हिडिओंवर विसंबू नका.

फोनवरचं व्हॉइस टायपिंग हा फुकटचा परीक्षक आहे, पण लबाड. पूर्ण वाक्य बोललात तर तो संदर्भावरून अंदाज बांधून बरोबर लिहितो आणि तुम्ही खूश होता. सुटे शब्द बोला: पार्क, बार्क, व्हेस्ट, वेस्ट. तिथे तो खरं सांगतो.

परीक्षेचं. आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार या चारही गोष्टींना सारखं वजन असतं. भारतीय धाटणी आहे म्हणून गुण कापत नाहीत, कळलं नाही तर कापतात. पण समोर बसलेला परीक्षक दिवसभर आपल्यासारख्यांचंच ऐकत असतो. त्याला कळलं म्हणून फोनवरच्या व्यवस्थापकाला कळेलच असं नाही. गुण व्हिसासाठी घ्या, सराव चालू ठेवा.

फोनची अडचण तर वेगळीच. साध्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ओळखू येतात ते त्याहून उंच पट्टीतल्या आवाजांमुळे, आणि तेच गळतात. म्हणून नाव-ईमेल सांगताना विमानवाल्यांची अक्षरं वापरा: आल्फा, ब्राव्हो, चार्ली. १९५६ पासून ती जगभर चालतात आणि बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना कळतात. निदान तुमच्या नावापुरती पाठ करा. आडनावाआधी क्षणभर थांबा, नाहीतर आपलं नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द होतो. आकडे तर सुटे करूनच सांगा: ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’. ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’मध्ये पगाराचा घोळ व्हायला नको.

आणि तरीही ‘सॉरी?’ आलंच, तर तेच वाक्य तितक्याच वेगाने, फक्त मोठ्याने, पुन्हा म्हणू नका. बहुतेक वेळा एकच शब्द अडलेला असतो. वाक्य बदला. ‘आय मॅनेज्ड द व्हेंडर्स’ नाही पोचलं, तर ‘द कंपनीज वी बाय फ्रॉम, आय वॉज इन चार्ज ऑफ देम’ असं सांगा. अडलेला शब्द कोणता ते लक्षात ठेवा, आणि फोन ठेवल्यावर त्याच वहीत लिहून टाका.