वाचकांचे प्रश्न : सहकाऱ्यांची जाण आणि सेवेची शिस्त

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे खान्देशातून आलेली आहेत आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनीच ती लिहिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. डॉक्टर नातेवाइकांसमोर आम्हा सिस्टरांवर चिडतात आणि तोच राग आम्ही पुढे वॉर्डातील मावशी आणि मामांवर काढतो. माणसे कमी आणि काम जास्त, ही अडचण सर्वांचीच आहे. हे वातावरण बदलायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपण राग पुढे काढतो, हे आपण स्पष्टपणे लिहिले आहे, त्यामुळे उत्तरही तेथूनच सुरू करतो. रुग्णालयातील सौजन्याचा विचार बहुतेक वेळा केवळ स्वभावाचा प्रश्न म्हणून केला जातो, परंतु रुग्णाच्या जिवाशी त्याचा थेट संबंध असतो. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे उदाहरण घेऊ. बाळंतिणीचे कापड बदलणारी मावशी अंगावरून जास्त जात असल्याचे अनेकदा सर्वांत आधी पाहते. मागच्या खेपेला "उगीच धावत येऊ नका" असे तिला सुनावलेले असेल, तर या खेपेला ती सांगायला कचरते. तिचा संकोच दहा-पंधरा मिनिटांचा असला तरी त्या अवस्थेत तेवढा वेळही फार मोठा असतो, कारण अशा रक्तस्रावाने काही तासांत जीव जाऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक सुरक्षा-तपासणी सूची तयार केली. चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, हा तिच्यातील एक टप्पा आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असा अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सर्व श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही, कारण सूचीत प्रतिजैविकांची वेळ, स्वॅब आणि उपकरणांची मोजणी असे बरेच काही आहे. तथापि ज्याला आपले नाव सांगण्याची संधी मिळाली आहे, तो चूक दिसताच बोलतो, हा विचार त्या टप्प्यामागे आहे आणि तो वॉर्डातही लागू पडतो.

म्हणून सुरुवात ड्यूटी बदलताना करावी. सकाळी आणि रात्री चार्ज देता-घेताना खाटेजवळ उभे राहून सिस्टर एकमेकींना रुग्णाची माहिती देतात, त्या वेळी मावशी आणि मामांनाही सोबत घ्यावे आणि "रात्री तुम्हाला काही वेगळे दिसले का?" असे प्रत्येकाला विचारावे. आपल्याकडे यावल आणि चोपडा तालुक्यांतून पावरा आणि तडवी कुटुंबे येतात. गावातील वृद्ध रुग्ण घाबरला की केवळ अहिराणीतच बोलतो. अशा वेळी त्याचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचवणारी व्यक्ती पुष्कळदा मावशीच असते. हे तिचे काम आहे असे गृहीत धरून पुढे जाण्यापेक्षा ती माहिती तिच्याकडून मिळाली, असे राउंडच्या वेळी सर्वांसमोर सांगावे.

डॉक्टरांबाबत एकट्याने बोलू नये, आणि वाद पेटलेला असतानाही बोलू नये. परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर) आणि दोन-तीन सहकाऱ्यांनी मिळून वैद्यकीय अधीक्षकांकडे एकच मागणी मांडावी : चूक दाखवायची असेल तर नातेवाइकांच्या नजरेआड दाखवावी. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे. बाहेरच्यांनी जो आदर राखावा अशी आपली अपेक्षा आहे, तो आपणच त्यांच्यादेखत मोडत असू, तर त्या कायद्याचा आधार आपल्याला कितपत पुरणार आहे? आणि डॉक्टरांकडून उत्तर येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही, कारण मावशींशी आपण कसे बोलावे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

प्रश्न : आम्ही धुळे शहरातील परिचारिका, औषधनिर्माते आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे काही मित्र चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्या भाविकांसाठी रस्त्यावर मदत केंद्र चालवू इच्छितो. उत्साह पुष्कळ आहे, अनुभव नाही. काय लक्षात घ्यावे?

उत्तर : खान्देश हे देवीचे माहेर मानले जाते, त्यामुळे चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येथून निघणारी माणसे मोठ्या हौसेने आणि बऱ्याचदा पुरेशा तयारीविना चालतात. आपली कल्पना उत्तम आहे. जागा ठरवण्यापूर्वी त्या हद्दीतील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे, कारण अवघड रुग्ण शेवटी त्यांच्याकडेच जाणार आहे आणि त्यांची माणसे त्या दिवसांत आधीच ताणाखाली असतात. त्यांना कोणत्या वेळी आणि कोणत्या टप्प्यावर मदत हवी आहे, हे त्यांनाच विचारावे. एकाच चौकात पाच मंडप आणि पुढे लांबवर पाण्याचा थेंब नाही, असे चित्र या विचारपूस करण्याच्या आळसामुळेच दिसते.

केंद्रावर येणारे बहुतेक जण पायाचे फोड, पोटऱ्यांतील गोळे आणि उन्हाचा त्रास घेऊन येतील. फोड फोडू नयेत. साबणपाण्याने पाय धुऊन, कोरडे करून, स्वच्छ पट्टी बांधावी. मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे दुखत नाही असे ते म्हणाले तरी त्यांचे पाय स्वतः पाहावेत, आणि त्यांनी उपाशीपोटी चालू नये असे आग्रहाने सांगावे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी, पेलाभर पाण्यात कधीही नाही. पुड्या संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा असावा.

उष्माघात मात्र वेगळा ओळखावा. अंग तापलेले, ताप 40 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक, बोलणे असंबद्ध किंवा शुद्ध हरपलेली, अशा माणसाला तोंडाने पाणी पाजू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, सतत वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. सलाइन आणि इंजेक्शन यांची मागणी भाविक करतील, परंतु डॉक्टर हजर नसताना ती देऊ नयेत, मग आपला हात कितीही सराईत असो.

आपसातील पाळ्या लहान ठेवाव्यात. रात्रपाळी करून थेट मंडपात येणाऱ्या मित्राला प्रेमाने परत पाठवावे. त्याला झोप मिळणे हेही आपल्या संघाचेच काम आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील आशा कार्यकर्ती आहे. शिबिर कोणाचेही असो, माणसे गोळा करणे, रांगा लावणे, जेवण वाढणे आमच्याकडे येते. विचारले तर "ही सेवा आहे" असे उत्तर मिळते. नाही म्हणणे चुकीचे आहे का?

उत्तर : चुकीचे नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून आपल्याला शासन स्वयंसेविका मानते आणि मोबदला मुख्यतः कामागणिक ठरतो, म्हणजे ज्या दिवशी आपण दुसऱ्याच्या शिबिरात रांगा लावता, त्या दिवशी आपले स्वतःचे काम आणि कमाई दोन्ही मागे पडतात. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जायचे असते, घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सातपुड्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाताना डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये भारतातील आशांचा गौरव केला, तो याच पायपिटीसाठी होता. इतरांनी आपल्या वेळेवर हक्क सांगावा असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

गटप्रवर्तकांमार्फत, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकांमार्फत, लेखी विचारावे की शिबिरासाठी किती वेळ द्यायचा, मोबदला कोण देणार आणि त्या दिवशीची गृहभेट कोण करणार. शिबिरे भरवणाऱ्या डॉक्टरांना आणि मंडळांनाही या निमित्ताने विनंती आहे : आपल्या सेवाकार्याचा भार आपल्याहून कमी कमावणाऱ्या बाईवर टाकू नका. तिचा दिवस हवा असेल, तर तिला आधी विचारा आणि त्या दिवसाचे पैसे आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या.

प्रश्न : मी नुकतीच निवृत्त झालेली आरोग्यसेविका आहे, नंदुरबारला राहते. घरी बसवत नाही. कोठे उपयोगी पडेन?

उत्तर : आपल्या जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आणि 2047 हे लक्ष्य ठरले. रक्ततपासणी होते, कार्डही मिळते, परंतु वाहक असणे (स्वतः आजारी नसणे, पण दोष मुलांकडे जाऊ शकणे) आणि रुग्ण असणे यांतील फरक घरोघरी बसून समजावणारे माणूस कमी पडते. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी समजले पाहिजे आणि ते मुलीला दोष न लावता सांगितले गेले पाहिजे. आपण इतकी वर्षे पाड्यांवर गेला आहात, भिली बोली आपल्याला कळते, तेव्हा दार उघडले जाईल. जिल्हा रुग्णालयातील सिकलसेल समुपदेशकांना भेटून त्यांच्या यादीप्रमाणेच घरे वाटून घ्यावीत, म्हणजे कोणाच्या घरी तिघे जण आणि कोणाच्या घरी कोणीच नाही, असे होणार नाही. कोणाच्या आजाराची गोष्ट दुसऱ्या घरी बोलू नये, हे आपल्याला सांगायला नकोच, परंतु सोबत येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगावे.