सरकारी उपचार स्वस्त केले की निर्वासित बायका गर्भनिरोधकं जास्त वापरतात का?

फरक पडतो, पण पैसा ही एकच अडचण नसते. जॉर्डनमध्ये सीरियातून आलेल्यांना सरकारी दवाखाने 2014 च्या नोव्हेंबरपर्यंत फुकट होते. मग फी लागली, 2018 मध्ये ती बरीच चढली, 2019 मध्ये परत खाली आली. फी लागली की बाई आधी पोराचा ताप बघते, स्वतःची तांबी नंतर.

मी गोवंडीच्या वस्त्यांत आरोग्यसेविका म्हणून फिरते. इथल्या बायका निर्वासित नव्हेत, पोटासाठी आलेल्या. पण दुखणं तेच. पालिकेकडे तांबी, माला-एन आणि छायाच्या गोळ्या, अंतरा सगळं मोफत मिळतं. तरी अंतराचं इंजेक्शन दर 3 महिन्यांनी, म्हणजे दरवेळी एक खाडा. एकीनं तर तारखेचं कार्ड तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेलं, सासूच्या हाती लागू नये म्हणून. पुढे तिची पाळी थांबली. अंतरानं असं होऊ शकतं, पण ते आधी सांगायला मीच विसरले होते! घाबरून तिनं सोडूनच दिलं. आता छाया घेते, पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाकीट अजून त्याच डब्यात असतं.