लहान शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र नेमकं कसं चालतं? रात्री पाणी कमी येतं, तेव्हा ते बंद ठेवून वीज वाचवता येईल का?

अजिबात बंद ठेवू नका. याच प्रश्नावरून माझं एका वरिष्ठांशी वाजलं होतं आणि ते मला अजून डाचतं, म्हणून लिहितोय.

मी प्लांटवर ऑपरेटर होतो. जाळीत अडकलेला कचरा काढणं, ग्रिट चेंबरमधली वाळू उपसणं ही कामं डोळ्यांना दिसतात, म्हणून लोकांना तोच प्लांट वाटतो. खरं काम एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडायच्या टाकीत चालतं. तिथे जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खातात, त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या क्लॅरिफायरमध्ये ते तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी क्लोरीनकडे जातं, तळाचा बहुतेक गाळ परत टँकमध्ये सोडायचा, वाढलेला तेवढा बाहेर काढायचा. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तो ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारी यंत्रं देतात, आणि प्लांटची साधारण निम्मी वीज तिथेच जाते. नवीन आलेल्या साहेबांनी बिल पाहिलं आणि रात्री ब्लोअर बंद ठेवायचा हुकूम काढला. जिवाणू रात्री झोपत नाहीत, हे मी तोंडी सांगितलं, लेखीही दिलं. "तुम्ही ऑपरेटर आहात, ऑपरेट करा," असं उत्तर मिळालं.

आधी वास बदलला. निरोगी गाळाला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो आणि रंग तपकिरी असतो. आमचा गाळ काळा पडत गेला, सडक्या अंड्यांचा वास सुटला. हवा बंद म्हणजे ढवळणंही बंद, त्यामुळे गाळ डिफ्यूझरवर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागांवर बसला आणि सकाळी ब्लोअर चालू केले तरी बुडबुडे धड येईनात. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्धा तास गाळ बसू देऊन पाहायची चाचणी आम्ही रोज करायचो. वरचं पाणी गढूळच राहायला लागलं. अशा पाण्यात कितीही क्लोरीन ओता, गाळाच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत तो नीट पोहोचत नाही. खालच्या वस्तीतून तक्रारी आल्या तेव्हा कुठे हुकूम मागे घेतला गेला, तोही कारण न लिहिता. गाळ सावरायला पुढे कित्येक आठवडे गेले, कारण अमोनियावर काम करणारे जिवाणू फारच सावकाश वाढतात.

एक मात्र सांगायला हवं. नायट्रोजन काढण्यासाठी काही प्लांट मुद्दाम थोडा वेळ हवा बंद ठेवतात, पण ते वेळापत्रक डिझाइनमध्येच असतं आणि बहुधा तेव्हा ढवळणं वेगळ्या यंत्राने चालू असतं. तुमच्याकडे नुसती शुद्धीकरण तळी असतील तर ब्लोअरचा प्रश्नच नाही.

वीज वाचवायचीच असेल तर डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र नीट ठेवा. टँकमध्ये लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन सहसा पुरतो. आमच्याकडे दुपारी तो 4 च्या वर जायचा, ती सगळी वाया गेलेली वीज. डिफ्यूझर साफ करा, ब्लोअरला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवा, रात्री हवा कमी करा. त्या लेखी टिपणात मी हेच तीन उपाय सुचवले होते.