ट्यूब टिकत नाही, हँडल थरथरते: रिक्षाच्या चाकांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपता संपता येणाऱ्या पत्रांत चाकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. खालची उत्तरे ४.००-८ मापाचे ट्यूबवाले टायर असलेल्या पॅसेंजर रिक्षांना धरून दिली आहेत. ४.५०-१० टायरच्या मालवाहू तीनचाकीला पद्धत बहुतेक हीच, हवेचे आकडे मात्र वेगळे.

प्रश्न : मागच्या डाव्या चाकाची ट्यूब दोन महिन्यांत तीनदा गेली. टायरमध्ये खिळा सापडत नाही. ट्यूबला रिमच्या बाजूने अर्धा इंच लांब चीर पडते. टायर बदलावा का? (कल्याण)

टायर राहू द्या. चीर रिमच्या बाजूला आहे म्हणजे दोष रिममध्ये किंवा जोडणीत आहे. या रिक्षांची रिम दोन भागांची असते, दोन वाट्या नटांनी एकमेकींना आवळलेल्या. बसवताना ट्यूबची घडी त्या सांध्यात चिमटली, किंवा सांध्याच्या कडेला गंजाचे पापुद्रे असले, की ट्यूब तिथेच कापली जाते.

चाकाला नट दोन प्रकारचे दिसतील: एक संच चाक ब्रेकच्या ड्रमला धरतो, दुसरा रिमच्या दोन वाट्या जोडतो. हवा भरलेली असताना दुसऱ्या संचाला पाना लावू नका. शेवटच्या नटाचे आटे सुटतात तेव्हा वाट्या उडतात आणि समोर माणसाचे तोंड असते. व्हॉल्व्हची पिन काढा, हवेचा आवाज पूर्ण थांबू द्या, टायर हाताने दाबून बघा, मगच नट सैल करा. कोणता संच कोणता याची खात्री नसेल तर चाक उतरवण्याआधीच हवा सोडा.

वाट्या सुट्या झाल्यावर सांध्याची कड तारेच्या ब्रशने साफ करा आणि पॉलिश पेपर फिरवा. बोटाला खरखर लागली तर ट्यूबलाही लागणार. टायरच्या आतून सुती फडके फिरवा. बारीक तार असेल तर धागा अडकतो, बोट फाटत नाही. टायरमध्ये टाल्कम पावडर भुरभुरा. ट्यूबला गोल आकार येण्यापुरतीच हवा द्या, व्हॉल्व्ह खाचेत सरळ बसवा, वाट्या एकत्र आणा आणि नट आवळण्याआधी सांध्यातून सगळीकडून डोकावून बघा. काळे रबर दिसले तर वाट्या पुन्हा उघडा. नट समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. आधी दहाएक पौंड हवा भरून टायरची कड रिमभोवती सारखी बसली का ते पाहा, नंतर पूर्ण भरा. साधारण ५० किलोमीटर चालल्यावर दोन्ही संचांना पुन्हा एकदा पाना लावा, रिमच्या संचाला मात्र हवा सोडूनच.

ट्यूबचे भोक वेगळे असेल तर निदानही वेगळे. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे कमी हवेत खड्ड्याची कड बसली. व्हॉल्व्ह मुळाशी फाटला आणि तिरका झाला असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आहे.

प्रश्न : ताशी ३५-४० च्या पुढे हँडल थरथरते. पुढचा टायर नवा घातला, फरक नाही. (चिपळूण)

टायरवर खर्च करण्याआधी हे करून पाहायला हवे होते. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि पुढचे चाक जॅकवर उचला. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला, तर चाकाचे बेअरिंग खराब. ब्रेक दाबूनही तसाच राहिला, तर चाक धरणाऱ्या आर्मचा बुश (सांध्यातली नळी) झिजला आहे किंवा हँडलच्या खालचा कप-कोन (हँडल ज्यावर फिरते ते छर्ऱ्यांचे बेअरिंग) सैल आहे. बुशच्या सांध्यावर बोट ठेवले की हालचाल तिथली का, ते लगेच कळते.

आता हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवा. सरळ रेषेत आल्यावर खटका लागत असेल तर कपाला छर्ऱ्यांचे खड्डे पडले आहेत. तो आवळून गाडी दोन दिवस बरी वाटते, मग हँडल आणखी जड होते. संच बदला, फक्त छर्रे नकोत.

यात काहीच निघाले नाही तर चाक फिरवा आणि रिमच्या कडेजवळ काडी स्थिर धरा. काडी आणि कड यांतले अंतर उघड कमी-जास्त होत असेल तर वाकलेली रिमच थरथरवते आहे.

कोकणात हबमध्ये (चाकाच्या मधल्या, बेअरिंगच्या भागात) पाणी शिरून ग्रीस दुधासारखे पांढरट होते. तसे दिसले तर जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा, बेअरिंग सुकवा आणि सील नवे घाला. बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरा, पण हबच्या पोकळीत तिसरा हिस्साच. ठासून भरलेले ग्रीस तापले की सीलमधून बाहेर येते आणि थेट ब्रेक लायनरवर जाते.

प्रश्न : हवा नेमकी किती ठेवावी? पुढचा टायर मधोमध झिजला, मागचे दोन्ही कडांना. (सोलापूर)

तुमच्या गाडीत पुढे हवा जास्त होते आहे, मागे कमी पडते आहे. तुमच्या टायरनेच सांगितले आहे. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा, पण त्याचे एकक बघा. पुस्तिकेत बऱ्याचदा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतात, पंपावर पौंड (दर चौरस इंचाला). किलोला १४.२ ने गुणा: २.१ किलो म्हणजे ३० पौंड. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. सोलापूरच्या उन्हात दुपारी आकडा वाढलेला दिसणारच. तेव्हा हवा सोडली तर रात्री टायर बसलेला असेल.

एकाच कडेने झीज असेल तर मात्र हवेचा संबंध नाही. मागे आर्मचा बुश किंवा वाकलेला आर्म तपासा. तीनचाकीला टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे. पावसात तेवढ्यावर अवलंबून राहू नये, असे आमचे मत.

प्रश्न : मागचे एक चाक तापते. गाडी ढकलायलाही जड जाते. (पुणे)

ब्रेक सुटत नाही. ते चाक जॅकवर घ्या, ब्रेक दोनदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडकले तर त्याच चाकाचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा उघडा. थोडे ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडतो आहे. एकाच चाकाला असे होत असेल तर त्या चाकाचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलेला असण्याची शक्यता जास्त. निपल उघडूनही चाक अडकलेलेच राहिले, तर ब्रेक शूची स्प्रिंग, जाम झालेला व्हील सिलिंडर किंवा जास्त ताणलेली हँडब्रेकची केबल पाहा. निपल बंद करून ब्रेकची हवा काढायला विसरू नका. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : रिट्रेड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर चालेल का? (नांदेड)

मागे चालवणारे आहेत. पुढे अजिबात नको. पुढचे चाक एकच असते, आणि ते फुटले की वळवायला दुसरे उरत नाही.

प्रश्न : स्टँडवर सगळे रिक्षा हातांनी एका कुशीवर कलती करून चाक बदलतात. जॅकची गरज काय? (ठाणे)

दोन माणसांनी धरलेली गाडी एकाचा पाय घसरला की खाली बसलेल्याच्या हातावर येते. शिवाय टाकीच्या झाकणातून पेट्रोल आणि बॅटरीतून ॲसिड गळते. जॅक घ्या, त्याखाली लाकडाची फळी ठेवा, गाडी गिअरमध्ये टाका आणि चाक ड्रमला धरणारे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा.