वाचकांचे प्रश्न: इम्युनोथेरपी म्हणजे नेमकं काय, अन् कॅन्सरच्या रिसर्चमध्ये जावं का?

प्रश्न: मॅडम, माझ्या मिस्टरांना गालफडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) घेतली, वर्षाच्या आत परत गाठ आली. आता डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणायलेत अन् खर्च ऐकून घरात कुणी बोलेना गेलंय. टीव्हीवर तर दाखवलं की भारतातच स्वस्त उपचार निघाला, मग तो आम्हाला का नाही? आणि मेणाचा ब्लॉक घेऊन या म्हणालेत, तो कशाला? (एक वाचक, परळी)

उत्तर: ताई, आधी टीव्हीवरचं सांगते. ती कार-टी थेरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याचा उपचार, नेक्सकार-१९ नावाची, आयआयटी मुंबई अन् टाटा मेमोरियलच्या लोकांनी बनवलेली. २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. खरंच अभिमानाची गोष्ट आहे, पण ती बी-पेशी नावाच्या रक्तातल्या पेशींच्या ब्लड कॅन्सरसाठी आहे, गालफडाच्या गाठीवर ती चालत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही. त्यांनी काही लपवलेलं नाही.

तुम्हाला सांगितलेली इम्युनोथेरपी वेगळी. आपल्या रक्तात टी-पेशी असतात, बिघडलेली पेशी दिसली की तिला मारायचं हे त्यांचं काम. पण त्या अंगावर सुटू नयेत म्हणून शरीरानंच त्यांना कासरा लावलेला असतो, बैलाला असतो तसा. त्यातल्या एका कासऱ्याचं नाव पीडी-१. कॅन्सरची पेशी काय करते, तर तोच कासरा ओढून धरते, म्हणजे बैलाच्या अंगात ताकद आहे पण तो जागचा हलत नाही. औषध जाऊन पीडी-१ वर बसतं अन् कासरा तिच्या हातातून सुटतो. हे शोधणारे जपानचे तासुकु होंजो, अन् दुसरा कासरा सीटीएलए-४, तो सोडला तर गाठ विरघळते हे दाखवणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन, दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं.

आता बैल मोकळा सुटला तर कधी कधी आपल्याच पिकात शिरतो. त्यामुळे औषध चालू असताना जुलाब लागले, दम लागला, अंगावर पुरळ आलं, फार गळाल्यासारखं वाटलं तर गावातल्या दुकानातून गोळी आणून भागवू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. लवकर कळलं तर ते बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

खर्चाचं. टाटा मेमोरियलमध्ये तुमच्या मिस्टरांसारख्याच, म्हणजे तोंडा-घशाचा कॅन्सर परत आलेल्या किंवा फार पसरलेल्या १५१ रुग्णांवर ट्रायल झाली, निकाल २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब अन् एर्लोटिनिब ह्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या होत्या, निम्म्यांना वरून निव्होलुमॅब, म्हणजे हेच पीडी-१ वर बसणारं औषध, पण फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागापेक्षाही हे कमी आहे. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवाल्यांत १०० पैकी १६ जण हयात होते, औषध जोडलेल्यांत ४३. हे बरं होणं नाही ताई, वेळ मिळणं आहे, तेही सगळ्यांना नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण "कमी डोसचं निव्होलुमॅब आमच्यासाठी चालेल का" हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा, विचारायला लाजू नका.

आणि ब्लॉक. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा नखाएवढा तुकडा मेणात घट्ट बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे पापुद्र्यासारखे काप घेऊन गाठीवर कासरा ओढणारं प्रोटीन, म्हणजे पीडी-एल१, किती आहे ते बघतात. उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळतं. पिशवीवरचं नाव अन् नंबर तिथंच जुळवून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी बी.एस्सी. बायोटेक तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी मीडियमची. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. मला कॅन्सर अन् जेनेटिक्समध्ये रिसर्च करायचाय पण पप्पा म्हणतात बीएड कर, नोकरी तरी लागंल. तुम्ही ह्यात कशा आलात? इथं राहून काही सुरू करता येतं का? (विद्यार्थिनी, जिंतूर)

उत्तर: अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

मी भूम तालुक्यातली. शाळेत होते तेव्हा आमच्या वाडीवर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं यायची, बायकांना गोळा करून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायला चला म्हणून समजवायची. बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या अन् मग एकमेकींना धरून जायच्या. माझी काकू गेली होती. घरी येऊन म्हणाली, काही दुखलं नाही गं, उगं भ्याले. कितीतरी वर्षांनी एम.एस्सी.ला असताना २००९ चा एक पेपर वाचायला मिळाला, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास, आणि त्यात लिहिलेलं की एचपीव्ही विषाणूची (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ह्याच्यामुळे होतो) एकदाच टेस्ट केलेल्या गटात ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. सगळ्या जगानं तो पेपर वाचला. मी लायब्ररीत बसून रडले, कारण त्या आकड्यात माझी काकू होती, आमची अख्खी वाडी होती. मी ह्या क्षेत्रात आले ती तिथून.

आता काम काय असतं ते सांगते, कारण नुसतं "रिसर्च" म्हणून कळत नाही. आपल्या एका पेशीत डीएनएची साधारण ६०० कोटी अक्षरं, निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. गाठीतला डीएनए वाचायचा, त्याच माणसाच्या रक्तातला वाचायचा, दोन्ही शेजारी ठेवून कुठलं अक्षर बदललं ते शोधायचं, ही जीनोमिक्स. अक्षर बदललं की प्रोटीन चुकीचं बनतं, त्याचा ८ ते ११ अमिनो ॲसिडचा तुकडा पेशी आपल्या अंगावर एचएलए नावाच्या हातात धरून दाखवते, तो टी-पेशीला ओळखू आला तर ती मारते, ही इम्युनॉलॉजी. मला आवडतं ते ह्या दोन्हींच्या मधलं. उदाहरण बघ, पी-५३ नावाचं प्रोटीन पेशीला बेलगाम वाढू देत नाही. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा त्याचं जीनच मोडलेलं असतं, एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये जीन धडधाकट, पण विषाणूचं ई-६ प्रोटीन तयार झालेलं पी-५३ नष्ट करत राहतं. नुसता डीएनए वाचला असता तर सगळं ठीक वाटलं असतं!

आणि हा एचएलए माणसागणिक वेगळा, समाजागणिक त्याचे प्रकार कमी-जास्त. जगातल्या मोठ्या डेटाबेसमध्ये मात्र युरोपीय वंशाचेच रुग्ण जास्त आहेत. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोमिक्सची संस्था अन् खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं रिसर्च सेंटर, ह्यांच्या टीमनं २०१३ मध्ये आपल्याकडच्या गालफडाच्या कॅन्सरचे जीनोम वाचले तेव्हा त्यात वारंवार मोडणारी पाच नवी जीन्स सापडली, बाहेरच्या लोकांच्या यादीत ती नव्हती. आपल्या माणसांचं आपण वाचलं नाही तर दुसरं कोण वाचणार? म्हणून मला जिंतूरची पोरगी ह्यात हवी आहे. पेशंटच्या बायकोशी आपल्या भाषेत बोलून संमती घेणारी, घाबरवून नाही तर समजावून.

कष्टाचंही सांगते. पीएच.डी.त असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाठींचे सॅम्पल बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी एसटीनं आणायचे. एकदा बस वाटेत बंद पडली, मे महिना, दुसरी गाडी येईपर्यंत चार तास गेले. झाकण उघडलं तर आत नुसतं पाणी अन् त्यात तरंगणाऱ्या नळ्या. आरएनए, म्हणजे पेशीतली जीनची नक्कल, फार नाजूक असतं, मशीनवर चढवलं तर सगळा चुरा निघाला. सहा माणसांनी विश्वासानं दिलेले तुकडे होते ते. त्यानंतर मी सॅम्पल नुसत्या बर्फावर कधी आणलं नाही, ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहायचं अन् तुकडा हातात आला की लगेच टिकवणाऱ्या द्रावणात टाकायचा, हा नियम आज माझ्या विद्यार्थ्यांनाही आहे.

पप्पांना सांग की हे फुकटचं शिकणं नाही. एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम किंवा गॅट-बी दे, मग सीएसआयआर-नेटची जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची फेलोशिप, निघाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. कधी कधी ते महिनोन् महिने अडकतात, मी उसनवारीवर दिवस काढलेत, तेव्हा थोडी शिल्लक ठेवायची. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. ह्या रिसर्चच्या संस्था म्हणशील तर पुण्यात एनसीसीएस अन् आयसर, हैदराबादला सीसीएमबी, खारघरला ॲक्ट्रेक. लाखो रुपये फी घेऊन "कॅन्सर जीनोमिक्सचा डिप्लोमा" देणाऱ्यांच्या नादी लागू नको. बीएड वाईट नाही, पण ते नंतरही करता येतं, ह्या परीक्षांसाठी मात्र आत्ता जे ताजं डोक्यात आहे ते पुढं राहत नाही.

इथं राहून काय? टीसीजीए नावाच्या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या ११,००० च्या वर रुग्णांचा डेटा आहे, त्यातला बराच कुणालाही फुकट उतरवता येतो. जुना लॅपटॉप चालेल. आर नावाची कम्प्युटरची भाषा शिक, संख्याशास्त्र शिक, अन् एक छोटा प्रश्न धर, उदाहरणार्थ तोंडाच्या कॅन्सरमध्ये टी-पेशींची जीन्स जास्त चालू असलेल्या गाठींचे रुग्ण जास्त जगतात का. तीन महिने लागतील, चुकशील, परत कर. इंग्रजीला भिऊ नको, मी पहिला पेपर डिक्शनरी मांडीवर घेऊन अकरा दिवसांत वाचला होता. ते करून झालं की मला परत लिही, आलेख जोडून.

प्रश्न: आई ब्रेस्ट कॅन्सरनं गेली, आता मावशीला निघालाय. मी ३४ वर्षांची. मी जीन टेस्ट करू का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: हो, पण सुरुवात तुमच्यापासून नको, मावशीपासून. ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ ह्या जीनमधला बिघाड असेल तर तो आधी आजारी माणसात सापडला पाहिजे, मग तुमच्यात नेमका तोच आहे की नाही ते खात्रीनं सांगता येतं. आईत तो असेल तर तुमच्याकडे यायची शक्यता अर्धी, अन् भावाकडेही तेवढीच, तो त्याच्या मुलींना देऊ शकतो, तेव्हा त्यालाही सांगा. टेस्टच्या आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा, आईचे जुने रिपोर्ट घेऊन जा. मावशीची केमो सुरू होणार असेल तर त्याच्या आधीच रक्त देऊन ठेवायचं का, हे तिच्या डॉक्टरांना ह्याच आठवड्यात विचारा.