जमीन नावावर झाली, पुढे काय?

प्रश्न : सरकारने मोठ्या जमीनदारांकडची जास्तीची जमीन काढून भूमिहीनांना आणि छोट्या शेतकऱ्यांना वाटावी का, यावरून आमच्या मित्रांमध्ये कायम वाद होतो. एक जण म्हणतो दोन-दोन एकरांचे तुकडे केले की उत्पादनच घटतं, दुसरा म्हणतो वाटली तरी दहा वर्षांत ती फिरून परत पैसेवाल्याकडेच जाते. मग वाटून उपयोग काय? कुठे नीट झालंय का हे?

उत्तर : झालंय, आणि अगदी चांगलं झालंय. दुसऱ्या मित्राची भीती खोटी नाही, पण पहिल्याचं म्हणणं मला पटत नाही. 1962 साली अमर्त्य सेन यांनी भारतातल्या शेती पाहण्यांचे आकडे मांडून दाखवलं होतं की लहान शेतात एकरी उत्पन्न मोठ्या शेतापेक्षा जास्त निघतं. कारण साधं आहे, घरची माणसं राबतात, बांधापर्यंतचा कोपरा न् कोपरा पेरला जातो, आणि स्वतःच्या पिकावर जसं लक्ष असतं तसं मजुरीवर आलेल्या माणसाचं कसं असेल. पुढे ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रं आल्यावर हा फरक सगळीकडे तसाच राहिला असं नाही, तरी "तुकडा म्हणजे तोटा" हे सरसकट म्हणणं चुकीचंच.

आता जपान बघा. 1946 च्या कायद्याने गावात न राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडे असलेली सगळी जमीन सरकारने विकत घेतली, आणि जो गावातच राहतो त्याला कुळाकडची साधारण एक हेक्टरच ठेवता आली (उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर चार). पण मला यातली खरी ताकद कायद्यापेक्षा गावोगावच्या जमीन समितीत दिसते. समितीवर दहा माणसं, त्यात पाच कुळं, तीन जमीनदार आणि दोन स्वतःची जमीन कसणारे. म्हणजे कोणता वाफा कोण कसतो, कुणी घाईघाईने मेव्हण्याच्या नावावर जमीन फिरवलीय, हे टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना आधीच ठाऊक, शहरातल्या ऑफिसरला फसवणं सोपं असतं पण शेजारच्या शेतातल्या माणसाला कसं फसवणार? दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथली जवळजवळ 46 टक्के शेती कुळं कसत होती, 1950 पर्यंत ते प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास आलं. पाचेक वर्षांत. इतक्या वेगामुळे जमीन लपवायला फारसा वेळच मिळाला नाही.

तैवानने आधी 1949 ला खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा वाटा, मुख्य पिकाच्या 37.5 टक्क्यांवर आणला (त्याआधी निम्मं पीक द्यावं लागणं नेहमीचंच होतं) आणि मग 1953 मध्ये जमीन कसणाऱ्याच्या नावावर करायला घेतली. किंमत ठरवली वर्षाच्या मुख्य पिकाच्या अडीच पट, ती दहा वर्षांत फेडायची. जमीनदारालाही वाऱ्यावर सोडलं नाही, त्याला 70 टक्के मोबदला तांदूळ आणि रताळ्याच्या भावाशी जोडलेल्या रोख्यांत आणि 30 टक्के सरकारी कंपन्यांच्या शेअर्समध्ये मिळाला. आणि तुमच्या दुसऱ्या मित्राने लक्ष द्यावं अशी गोष्ट म्हणजे तिथे शेतकरी संघटना गावात होत्या, कर्ज, खत, विक्री त्यांच्यामार्फत व्हायची, त्यामुळे पहिल्याच हंगामात बियाण्याच्या पैशासाठी जुन्या मालकाच्या दारात जायची वेळ कमी आली.

जमीन परत जाते ती इथेच जाते हो. कागद हातात येतो पण बैल नाही, बियाणं नाही, विहिरीला पाणी नाही, मग माणूस पहिल्याच वर्षी उचल घेतो आणि दोन-तीन वर्षांत आपल्याच जमिनीवर मजूर होतो. काही ठिकाणी तर कागदावरची जमीन प्रत्यक्षात मोजूनच दिलेली नसते, ताबा जुन्याच माणसाकडे. भूदानाचंही थोडं तसंच झालं. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकर मिळाले, पुढे लाखो एकरांचं दान झालं, भावना फार मोठी होती, पण त्यात खडकाळ, वादातल्या जमिनीही आल्या आणि बरीचशी जमीन वाटलीच गेली नाही.

पश्चिम बंगालने 1978 पासून ऑपरेशन बर्गा केलं त्यात तर बटाईदाराला, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्याला, मालकी दिलीच नाही, फक्त त्याचं नाव नोंदवलं. अधिकारी संध्याकाळी गावात जाऊन बसायचे, कारण दिवसा माणूस शेतात, आणि सगळ्यांसमोर विचारायचे ही जमीन कोण कसतं. एकट्याने मालकाविरुद्ध बोलायची ज्याची छाती होत नाही तो चार जणांत बोलतो. साधारण 14 लाख बटाईदारांची नोंद झाली, त्यांना मनमानी काढून टाकणं अवघड झालं आणि पिकातला वाटाही कायद्याने ठरलेला. म्हणून मी म्हणेन की किती एकर वाटले हे विचारण्याआधी ताबा कुणाकडे आहे आणि पेरणीला पैसा कुठून आला हे विचारा.

प्रश्न : वाटपाची जमीन नेहमी पुरुषाच्याच नावावर का होते? बायकोचं नाव लावता येत नाही का?

उत्तर : लावता येतं आणि लावायलाच हवं. "कुटुंबप्रमुख" असं लिहिलं की अधिकारी पुरुषाचंच नाव घालतो, एवढंच कारण असतं बहुतेक वेळा. भारताच्या सहाव्या पंचवार्षिक योजनेत (1980-85) वाटपाची जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर करावी असं म्हटलं होतं. त्याच सुमारास बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनीसाठी आंदोलन चाललं होतं, तिथे बायका लाठ्या खायला पुढे होत्या, आणि जमीन मिळायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती आमच्या नावावर करा असा आग्रह धरला. अधिकारी आढेवेढे घेत होते, पण काही गावांत त्यांनी ते करून घेतलं.