डेट (कर्ज), डाउट, रिसीट या इंग्रजी शब्दांत न उच्चारली जाणारी अक्षरं का असतात? माझं स्पेलिंग तिथेच चुकतं.

ही अक्षरं लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घातलेली आहेत. उच्चारात ती इंग्रजीत कधी नव्हतीच. कर्ज या अर्थाचा डेट हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनची ओढ वाढली आणि ‘डेबिटम’ची आठवण म्हणून बी आला. डाउटमधला बी ‘डुबिटारे’वरून, रिसीटमधला पी ‘रिसेप्टा’वरून. गंमत म्हणजे रिसीटच्याच घराण्यातल्या डिसीट आणि कन्सीटला पी मिळाला नाही, त्यामुळे नियम पाठ करून इथे भागत नाही. आयलंडमधला एस तर चक्क गैरसमजातून आलाय: मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी संबंधच नाही, पण ‘इन्सुला’वरून आलेल्या आइल (बेट) शब्दाच्या साम्यामुळे एस चिकटला तो चिकटलाच.

लक्षात ठेवायला सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते अक्षर स्पष्ट ऐकू येणारा भाऊबंद शोधणं:

- डेट: डेबिटमधला बी
- डाउट: ड्युबियसमधला बी
- रिसीट: रिसेप्शनमधला पी

मात्र सगळीच मूक अक्षरं अशी उपरी नाहीत. नाइफमधला के आणि नाइटमधले जीएच पूर्वी खरोखर उच्चारले जायचे. उच्चार बदलला, लिखाण तसंच राहिलं. तिथे मात्र वारंवार लिहून हात बसवावा लागतो.